पाव्हण्याचा खुराक

रंगनाथने पुरणपोळीचा चौथा तुकडा तुपात बुडवून कासवापुढे धरला. कासवाने सुरकुतलेली मान लांब केली, तुकडा जबड्यात पकडला आणि पुढच्या पायाने रेटा देऊन त्याचे दोन केले. थोडं पुरण त्याच्या हनुवटीला लागलं. रंगनाथने ते उपरण्याच्या टोकाने पुसून घेतलं.

“खा रं पाव्हण्या,” तो म्हणाला. “आज तुझाबी सण हाय.”

पोळा होता. कासवाच्या पाठीवर रंगनाथच्या बायकोने, चांगुणाने, हळदीकुंकवाची बोटं ओढली होती आणि झेंडूची एक पाकळी तिथे चिकटून राहिली होती. गोठ्यात दोन गाई होत्या, पण बैल नव्हता. शेवटची जोडी तीन वर्षांपूर्वी गेली, नांगरटीला ट्रॅक्टर यायला लागला, आणि पोळ्याला चांगुणा पाटावर मातीचे बैल मांडू लागली. मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवता येतो, पण ते खात नाहीत. काष्टीच्या बाजारात चाळीस वर्षं जनावरांची दलाली केलेल्या रंगनाथला हे दरसाल खुपायचं. यंदा दारात निदान चार पायांचं आणि तोंड उघडणारं काहीतरी होतं.

तेवढ्यात फाटकातून स्कूटी आत आली. जनावरांच्या दवाखान्यातल्या पूजा मॅडम गाभण गाय बघायला आल्या होत्या. हेल्मेट काढता काढता त्या थबकल्या.

“तात्या, ते काय खातंय?”

“पुरणपोळी.”

“कासव?”

“सनाचं म्हनून हाय. रोज न्हाई देत.”

“रोज काय देता मग?”

हा प्रश्न रंगनाथला आवडला. गेल्या दोन महिन्यांत तो कुणी विचारलाच नव्हता. त्याने बोटांवर मोजत सांगितलं: सकाळी मक्याचा भरडा, त्यात चिमूटभर सरकी पेंड, दुपारी भिजवलेला हरभरा आणि केळं, तिसऱ्या प्रहरी गुळाचा खडा, आणि अंग धरावं म्हणून संध्याकाळी दुधात कुस्करलेली भाकरी. ऐकता ऐकता पूजा मॅडम उकिडव्या बसल्या. त्यांनी कासवाच्या पाठीवर टिचकी मारली. कासवाने डोकं आत ओढलं, तशा मागून मांड्या बाहेर आल्या. मांड्या आत घेतल्या, तर गळ्याची जाड वळकटी पुढून बाहेर लोंबली.

“हे बॉक्स टर्टल आहे ना?” त्या म्हणाल्या. “आम्हाला अभ्यासाला नव्हतं, पण मी वाचलंय. याच्या पोटाच्या पाटीला मधोमध बिजागरी असते. घाबरलं की पुढून मागून दार लावून घेतं. गवताची काडीसुद्धा आत जात नाही. याचं दारच लागत नाहीये.”

“म्हंजे?”

“म्हणजे चरबी, तात्या. ते स्वतःच्या घरात मावत नाहीये.”

रंगनाथच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “अंग धरलंय खरं. आलं तवा एवढं नव्हतं.”

“हे कौतुक नाही,” पूजा मॅडम म्हणाल्या. “याचं काळीज, लिव्हर सगळं चरबीत बुडालं असेल. असंच चाललं तर हे दिवाळी बघणार नाही.”

त्या गाईकडे गेल्या. रंगनाथ तिथेच बसून राहिला. हातातला पाचवा तुकडा त्याने हळूच पुन्हा ताटात ठेवला, आणि कासवाची नजर त्या तुकड्यामागून ताटापर्यंत गेली.

कासव त्याचं असतं तर त्याला एवढं काही वाटलं नसतं. वाटलं असतं, पण दोन दिवस. हे कासव सोयऱ्यांचं होतं.

रंगनाथची मुलगी निकिता दोन वर्षांपूर्वी केडगावला दिली होती. जावई करण याने कॉलेजात असताना हे कासव पुण्याहून आणलं, त्याचं नाव ‘बुलेट’ ठेवलं, सरकारी नोंदीचा कागद करून घेतला आणि नोकरी लागल्यावर विसरून गेला. मग ते त्याच्या आईवडिलांकडे आलं. व्याही वाल्मिकराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मऊ आवाजाचे आणि बेताच्या बोलण्याचे. विहीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर लिहिलेलंच त्या डब्यात असायचं.

आषाढात व्याही-विहीण त्यांच्या मुलीच्या बाळंतपणासाठी बेंगळुरूला निघाले. निकिता आणि करण दोघंही सकाळी कामावर जाणारे. कासवाकडे कोण बघणार, असा प्रश्न निघाला तेव्हा वाल्मिकराव म्हणाले, रंगनाथराव आहेत की, जनावरातला माणूस. चार महिन्यांचाच प्रश्न होता. हे निकिताने फोनवर सांगितलं त्या दिवशी रंगनाथ छाती पुढे काढून बाजारात फिरला. व्याह्यांनी दोन वर्षांत त्याच्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द होता.

निकिता स्वतः गाडी चालवत कासव घेऊन आली. बरोबर एक स्वयंपाकघरातला वजनकाटा होता आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेला तक्ता. तक्ता विहीणबाईंच्या हातचा होता, अक्षर फळ्यावरून उचलून कागदावर ठेवल्यासारखं.

“तात्या, यातला शब्द न् शब्द पाळा,” ती म्हणाली. “माझ्यासाठी.”

“आगं, चाळीस वर्षं जनावरंच…”

“तात्या.” तिने आवाज खाली घेतला. “माझ्या हातून भात जरा गिच्च झाला तरी तिकडे आई विचारतात, ‘तुमच्या काष्टीला असंच करतात का?’ रागावत नाहीत. नुसतं विचारतात. मला ते ऐकायचं नाहीये पुन्हा.”

रंगनाथने मान हलवली. त्याला ते लागलं. लेकीला कुणी टाकून बोललं असतं तर त्याने भांडण केलं असतं, पण गोड आवाजात विचारलेल्या प्रश्नाशी भांडायचं कसं हे त्याला समजत नव्हतं. त्याच क्षणी त्याने मनाशी ठरवलं की हे जनावर असं परत करायचं की त्या घराने तोंडात बोट घालावं. त्याच्या दावणीवरून आजवर एकही जनावर वाळून गेलं नव्हतं. माहेराला आलेली लेक आणि पाव्हण्यांचं जनावर आलं त्यापेक्षा अंगानं भरून परत जावं, एवढं त्याला साधं आणि पक्कं माहीत होतं.

त्या पहिल्या संध्याकाळी चांगुणाने चहाबरोबर बिस्किटाचा पुडा फोडला. कागद वाजला मात्र, आणि टोपलीतलं कासव मान ताठ करून टोपलीच्या काठावर चढायला लागलं. “हुशार हाय,” रंगनाथ म्हणाला, आणि त्याला अर्धं बिस्कीट दिलं.

तक्ता त्याने एकदा वाचला होता. ‘आठवड्यातून तीन वेळा’ एवढं वाचून त्याने मान हलवली. उरलेले चार दिवस काय त्या मुक्या जीवाने देवाचं नाव घेऊन काढायचे? पुढची ओळ त्याने मोठ्याने वाचली, ती ऐकून चांगुणा कानावर हात ठेवून आत गेली. निम्मा आहार गांडुळं, गोगलगायी आणि किडे. चांगुणा माळकरी. देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं असतं ते हेच, असं तिने मानलं होतं, आणि रोज सकाळी ती टोपलीला हात जोडायची.

“श्रावन तोंडावर हाय,” ती आतून म्हणाली. “श्रावनात ह्या घरात कोनी गांडूळ खानार न्हाई.”

मग काय करणार. प्राणी खायचे नाहीत, तर ताकद कशातून येणार? रंगनाथने त्याला ठाऊक असलेलं उत्तर काढलं, पेंड आणि भरडा. तक्ता कॅलेंडरमागे खोचला गेला. दर रविवारी निकिता फोन करून वजन विचारायची, कारण ते तिला पुढे बेंगळुरूला कळवायचं असायचं. तक्त्यावर छापल्यासारखं लिहिलेलं होतं, ‘वजन ६४०. याच्या खाली जाता कामा नये.’ रंगनाथ दर रविवारी सांगायचा, “हाय तेवढंच हाय. सहाशे चाळीस.” खरा आकडा त्याने राखून ठेवला होता. परत देताना एकदम काट्यावर ठेवायचं आणि विहीणबाईंचं तोंड बघायचं, असा त्याचा बेत होता.

पोळ्याच्या संध्याकाळी त्याने कासव काट्यावर ठेवलं. सातशे पस्तीस. दोन दिवसांपूर्वी हा आकडा बघून तो मिशीत हसला असता. आता त्याने कासव घाईने काट्यावरून उचललं. विहीणबाई शांत आवाजात निकिताला विचारताना त्याला स्पष्ट दिसल्या. तुमच्या काष्टीला, जनावरं, अशीच मारतात का?

त्याने कॅलेंडरमागून तक्ता काढला, चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. निम्मं गांडूळ-गोगलगाय. निम्मं पाला, भोपळा, शेवग्याची पानं. फळ नखाएवढं. टोकरायला समुद्रफेस. त्याखाली मोठ्या अक्षरात, कधीही न द्यायच्या वस्तू: दूध, पाव, मीठ, गूळ, बिस्कीट. त्यातल्या ‘बिस्कीट’ या शब्दाखाली लाल पेनाने दोन रेघा ओढलेल्या होत्या. बिस्किटावरच एवढा राग कशाला, असं त्याला वाटून गेलं.

आता एक अडचण होती. रोड जनावर बाजारात गुबगुबीत दिसावं यासाठी जेवढ्या युक्त्या होत्या त्या सगळ्या रंगनाथला येत होत्या. आदल्या दिवशी मीठ चारून पोटभर पाणी पाजायचं, अंगाला तेल चोळायचं, पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून उभं करायचं. पण गुबगुबीत जनावर रोड करायचं कसं, हे चाळीस वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ती विद्या बाजारात कुणाला नकोच होती.

भाद्रपद लागला आणि चांगुणाने अटी घातल्या. गांडुळं गोठ्यामागेच द्यायची, तुळशीच्या नजरेआड. देताना कुणी तिला हाक मारायची नाही. आणि टोपलीला हात जोडायचे ते त्याचं तोंड धुतल्यावर. रंगनाथने गांडूळखताच्या खड्ड्यातली लठ्ठ गांडुळं वेचली. कासवाने पहिलं गांडूळ पाहिलं, वास घेतला आणि तोंड फिरवून रंगनाथकडे बघितलं. गूळ कुठंय, असं ते सरळ विचारत होतं.

“माझ्याकं बघू नगंस,” रंगनाथ म्हणाला. “मॅडमला इचार.”

तिसऱ्या दिवशी त्याने गांडूळ खाल्लं.

पूजा मॅडमनी चालवायलाही सांगितलं होतं. त्यांनी हेही सांगितलं की एकदम उपाशी मारू नका, वजन सावकाश उतरलं पाहिजे, आणि काट्यापेक्षा दाराकडे लक्ष ठेवा. तेव्हा रोज सकाळी रंगनाथ कासव बांधावर सोडायचा आणि मागे काठी घेऊन चालायचा. त्याला स्वतःला शुगर होती. श्रीगोंद्याचे डॉक्टर चार वर्षं त्याला रोज तासभर चालायला सांगत होते आणि तो चार वर्षं हसण्यावारी नेत होता. काम नसताना चालणारी माणसं त्याने फक्त केडगावला पाहिली होती, पांढरे बूट घालून. आता काम होतं. कासव दहा पावलं जायचं, थांबायचं, एखाद्या पानाचा विचार करायचं, पुन्हा दहा पावलं जायचं.

शेजारच्या रानातला गोरक्ष मोटार चालू करायला यायचा. पहिल्या दिवशी तो नुसताच बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “तात्या, शर्यतीचं हाय का?”

“व्हय.”

“जोडीला दुसरं कवा आनायचं?”

रंगनाथ कासवामागे पुढे निघाला. बाजारच्या दिवशी चहाच्या टपरीवर हाच प्रश्न त्याला आणखी सहा जणांनी विचारला, तेव्हा गोरक्षने ही बातमी कुठवर पोचवली होती ते त्याला कळलं.

सगळ्यात अवघड होते ते उपासाचे चार दिवस. जेवणाच्या वेळेला कासव बरोबर उंबऱ्यापाशी येऊन बसायचं आणि रंगनाथच्या ताटाकडे बघायचं. भुकेल्या जनावरापुढे बसून जेवायची रंगनाथला सवय नव्हती. पाठ फिरवून जेवून पाहिलं, तर पाठीला नजर लागायची. मग त्याने दुसरी भाकरी बंद केली. आपणही अर्धपोटी आहोत म्हटल्यावर निदान तोंड दाखवता येत होतं. त्या दिवसांत तो काकडी खायचा, दोडका खायचा, आणि कासव त्याच्याकडे बघून जरा शांत बसायचं. महिन्याभरात त्याच्या पायजम्याची नाडी वीतभर जास्त ओढावी लागायला लागली.

“कुनाला बारीक करायलाय तुमी?” चांगुणाने विचारलं.

“गप बस,” तो म्हणाला. पण तिने पुन्हा कधी दुसरी भाकरी पुढे केली नाही.

आश्विनात एका सकाळी गोरक्षचं कुत्रं बांधावर आलं. रंगनाथ काठी उगारून धावला, पण त्याच्या आधी कुत्र्याने कासवाला नाक लावलं होतं. टक् असा आवाज झाला. डोकं नव्हतं, पाय नव्हते, मांड्या नव्हत्या. बांधावर नुसती एक गोल, बंद पेटी पडली होती. कुत्र्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि कंटाळून निघून गेलं.

रंगनाथ मातीतच बसला. त्याने गवताची काडी तोडून फटीत घालून पाहिली. काडी वाकली. दुसरी बाजू पाहिली. तिथेही वाकली. त्याला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. चाळीस वर्षांत त्याने देखणी जनावरं पाहिली होती, पण जनावर एवढं पक्कं बंद झालेलं बघून आपले डोळे भरून येतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“चांगुणा,” त्याने घराकडे तोंड करून हाक दिली. “ये हिकडं. दार लागलं.”

चांगुणा पदराला हात पुसत आली, तिनेही काडी घालून पाहिली, आणि वेळ-काळ न बघता तिथेच हात जोडले.

आनंद घरापर्यंत टिकला. घरी काट्यावर आकडा आला पाचशे पंच्याऐंशी.

रंगनाथने तक्ता पाहिला. सहाशे चाळीसच्या खाली जाता कामा नये. त्याने काटा पुसला आणि पुन्हा वजन केलं. पाचशे पंच्याऐंशी. दाराकडे बघायचं की काट्याकडे? पूजा मॅडम दार म्हणत होत्या. पण विहीणबाई दार बघणार नव्हत्या, त्या काटा बघणार होत्या. आणि सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दावणीवरून एक जनावर वाळून परत जाणार होतं, तेही लेकीच्या सासरचं.

ती मंडळी दिवाळीच्या आठ दिवस आधी आली. त्या सकाळी रंगनाथने घमेलं पाण्याने भरलं. भिजत ठेवलं की कासव पाणी पितं, हे त्याने पाहिलं होतं. तोंडात मिठाचा कण घातला तर जास्त पिईल. पन्नास-पंचावन्न ग्रॅम म्हणजे काय, आख्ख्या बैलात त्याने पंधरा-पंधरा किलो पाणी विकलं होतं. मिठाची चिमूट बोटात धरून तो घमेल्यापाशी बसला. कासव त्याच्या हाताला हुंगत होतं. आजवर जे केलं ते परक्यांशी केलं, सोयऱ्याच्या दारी त्याने कधी रंगवलेलं जनावर बांधलं नव्हतं. त्याने मीठ झटकलं आणि घमेल्यातलं पाणी गाईपुढे ओतलं.

गाडीतून विहीणबाई आधी उतरल्या, मग वाल्मिकराव, मग किल्ली हातात घेऊन निकिता. बाळाचे फोटो झाले, बाळ कुणासारखं आहे ते झालं. चांगुणाने चहा ठेवला.

“चहा होतोय तोवर वजन करून घेऊ,” विहीणबाई म्हणाल्या.

रंगनाथने कासव आणून काट्यावर ठेवलं. विहीणबाई वाकल्या, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “पाचशे पंच्याऐंशी. तुम्ही तर दर रविवारी सहाशे चाळीस कळवत होता.”

निकिता खाली फरशीकडे बघत होती. रंगनाथने तिचं ते बघणं पाहिलं.

“ते खोटं हुतं,” तो म्हणाला. “सातशे पस्तीस झाल्तं. मी केल्तं. भरडा, पेंड, गूळ, सगळं चारलं. तुमचा कागद न्हाई पाळला. निकिताचा ह्यात काय संबंध न्हाई, ती मला सांगून गेल्ती. मग डाक्टरीन बाई म्हनल्या, मरंल. म्हनून दोन म्हैनं कागदापरमानं चालवलं आन् उतरवलं.”

“पण सहाशे चाळीसच्या खाली…” विहीणबाईंनी हात पुढे करून कासवाच्या डोक्याला स्पर्श केला. टक् असा आवाज झाला. त्यांनी हात झटक्यात मागे घेतला.

“काय झालं याला?”

“दार लावलं,” रंगनाथ म्हणाला.

“हे असं कधी करत नाही. सहा वर्षांत एकदाही केलं नाही. आजारी आहे का?”

“आता बरं हाय म्हनून करतंय. घरात मावतंय आता ते. ह्याचं दार लागतं का हेच बघायचं, वजन मागनं, असं बाई म्हनल्या.” त्याने बाजूला पडलेली गवताची काडी त्यांच्या हातात दिली. विहीणबाईंनी ती शिक्षिकेच्या काळजीने पुढून घालून पाहिली, मागून घालून पाहिली. काडी दोन्हीकडे वाकली.

“पण मग आमच्याकडे का नाही लागलं?” त्या हळूच म्हणाल्या. “मी तर तक्ता…”

हा प्रश्न रंगनाथच्याही मनात आला होता. हा तक्ता दोन महिने पाळून कासव मिटलं. ह्याच तक्त्यावर ज्याने सहा वर्षं काढली ते मिटायला नको का? त्याची नजर तक्त्यावरच्या दोन लाल रेघांवर गेली.

स्वयंपाकघरात चांगुणाने बिस्किटाचा पुडा फोडला.

कागद वाजला तसं पुढचं दार उघडलं आणि डोकं बाहेर आलं. चारही पाय आले. कासव काट्यावरून उतरलं, स्वयंपाकघराच्या दिशेला त्याने पाहिलंही नाही, आणि फरशीवरून खडखडत थेट वाल्मिकरावांच्या खुर्चीपाशी गेलं. तिथे त्याने दोन्ही पुढचे पाय त्यांच्या चपलेवर ठेवले आणि मान वर करून त्यांच्या सदऱ्याच्या उजव्या खिशाकडे बघत उभं राहिलं.

वाल्मिकराव छताच्या पंख्याकडे बघत होते.

विहीणबाईंनी कासवाकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं. रंगनाथला आता नुसतं तोंड उघडायचं होतं. काष्टीला काय करतात आणि केडगावला काय करतात ते सगळं एका वाक्यात मिटलं असतं. त्याने वाल्मिकरावांचा चेहरा पाहिला. उपाशी जनावरापुढे बसून खाता न येणारा माणूस त्याला लांबून ओळखता येत होता.

“वळख हाय, विहीनबाई,” तो म्हणाला. “जनावर धन्याला इसरत न्हाई. चार म्हैन्यानं दिसला ना धनी, म्हनून गेलं पायापाशी.”

विहीणबाईंनी तक्ता पुढे ओढला. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं, तक्त्याच्या प्लास्टिकवरच ‘६४०’ खोडून ‘५८५’ लिहिलं, आणि रंगनाथकडे वळल्या.

“भाऊ, गांडुळं गोळा कशी करायची? तुमच्या काष्टीला कशी करतात?”

निकिताने मान वर केली. हा आवाज तिने दोन वर्षांत ऐकला नव्हता.

“खड्डा दावतो की,” रंगनाथ म्हणाला. “चांगुणा, तू दाव बाई, तुळशीच्या मागनं न्हे.” चांगुणाने कपाळाला हात लावला, पण विहीणबाईंना घेऊन गोठ्याकडे गेली.

रंगनाथ वाल्मिकरावांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. निकिता चहाचे कप मांडत तिथेच होती, आणि दारातून आवाज बाहेर जात होता. त्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, वाल्मिकरावांचा उजवा हात धरला आणि दोन्ही हातांवर उपरणं टाकलं.

“बाजारात आमी असं इचारतो,” तो म्हणाला. “तोंडानं बोलायचं न्हाई. रोज किती?”

वाल्मिकराव क्षणभर गोंधळले. मग उपरण्याखाली त्यांनी रंगनाथची तीन बोटं धरली. रंगनाथने हात सोडला नाही. थोड्या वेळाने चौथं बोट धरलं गेलं.

रंगनाथने एक बोट सोडवून घेतलं. दुसरं सोडवून घेतलं. तिसरं जरा जोर लावून सोडवलं. शेवटचं एक बोट मात्र वाल्मिकरावांनी घट्ट धरून ठेवलं आणि पंख्यावरची नजर पहिल्यांदा खाली आणली. निकिता लहानपणापासून ह्या ओसरीवर सौदे बघत वाढली होती. तिने उपरण्याची हालचाल पाहिली आणि हसू लपवायला चहाचा कप तोंडाला लावला.

गोठ्याकडून विहीणबाईंची पावलं परत येत होती.

“रविवारी,” रंगनाथ हळूच म्हणाला. “वजन झाल्यावर.”